मुदतीचा रिकामा रकाना

मी आजवर जेवढं कोड लिहिलं, त्यातलं बहुतेक आता माझं मलाच वाचता येणार नाही. एक पान मात्र तोंडपाठ आहे. त्यावर नाव, कारण आणि मुदत असे तीन रकाने होते आणि खाली एक लाल बटण. ज्याला साइटवरून काढायचं त्याचं नाव लिहायचं, कारण लिहायचं, किती दिवसांसाठी ते लिहायचं आणि बटण दाबायचं. मुदतीचा रकाना रिकामा सोडला तर बंदी कायमची, असं मी ठरवलं होतं. कुणाला विचारून नव्हे, मनानेच. तेव्हा मला सगळं मनानेच ठरवायची सवय होती.

कापसाची वाईट वर्षं चालू होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं. पुण्याच्या ऑफिसात कुणी 'कुठल्या तुम्ही?' विचारलं आणि मी जिल्हा सांगितला, की समोरच्याचा चेहरा सुतकी व्हायचा. मला त्या चेहऱ्याचा फार राग यायचा. अहो, आमच्याकडे लग्नं होत होती, बारशी होत होती, उमरखेडच्या एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून भांडणं होत होती. हे सगळं कुठे दिसेना, म्हणून मी साइट काढली. जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेर पांगलेल्या लोकांनी यावं, आपल्या गावचं बोलावं, एवढाच हेतू. माझ्या जोडीला दोघं व्यवस्थापक होते: पुसदचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, आणि हैदराबादेत नोकरीला असलेला उमरखेडचा एक गडी. कोड सगळं माझं. साइट कोण चालवतं ते पहिल्याच पानावर आमच्या नावांसकट लिहिलेलं होतं. बाकीची पानं सभासद म्हणून आत गेल्यावरच दिसत.

आता माझंही सांगायला हवं. मी आर्णीजवळच्या एका तांड्यावरची. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. मराठी शाळेसाठी, बाजारासाठी आणि परक्यांसाठी. लग्न मी माझ्या मर्जीनं केलं, तांड्याबाहेर आणि जातीबाहेर. तांड्याचा नायक भला माणूस होता, त्यानं मिटवायची तयारी दाखवली होती. आमच्यात नसाब बसतो, म्हणजे तांड्याची पंचायत. तिथे बकरी चोरणाऱ्यालाही आधी बोलू देतात, त्याचं ऐकून घेतात, मगच काय तो निवाडा. पण माझ्या वडिलांनी, बापूंनी, माझ्यासाठी नसाब बसूच दिला नाही.

लग्नानंतर मी तीनदा घरी गेले. दोनदा दार उघडलंच नाही. तिसऱ्यांदा भिया, म्हणजे माझा थोरला भाऊ, दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "इथं तुले जागा नाही." मराठीत म्हणाला. त्या घरात जन्मल्यापासून माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं. वाक्यापेक्षा ते मराठी मला जास्त लागलं. बापूंनी शपथ घातली आहे, हे आपलं शेवटचं बोलणं, असंही त्यानं मराठीतच सांगून टाकलं. आतून याडीच्या, आईच्या, हातभर बांगड्या वाजल्या. ती बाहेर आली नाही. मी आर्णीपर्यंत चालत आले आणि पुण्याची गाडी धरली.

साइट सुरू होऊन चार-पाच महिने झाले असतील. 'गावची खबर' या पानावर 'धुरा' नावाचा कुणी एक लिहू लागला. धुरा म्हणजे शेताचा बांध. तो आर्णीहून, बाजाराच्या दिवशी दुपारी लिहायचा आणि असलं काहीबाही लिहायचा: मागच्या खोलीवरचे टिन बदलले. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. यंदा कपाशीवर लाल्या आला, तुरी मात्र झकास. याडीचा गुडघा आता बरा हाय. उमरखेडच्या गड्यानं त्याची खेचली, की भाऊ, तुमच्या आईच्या गुडघ्याचं जिल्ह्यानं काय करावं? पुढच्या बाजाराला धुऱ्यानं लिहिलं, की बोरीची ती फांदी तोडली, जिच्यावरून पडून घरातल्या एकीचा पुढचा दात गेला होता.

तो दात माझा होता. मी ऑफिसात बसून जिभेनं ती जागा चाचपून पाहिली आणि उठून बाहेर जाऊन रडले. बोलायचं नाही अशी शपथ होती. लिहायचं नाही अशी कुणी घातलीच नव्हती. माझा भाऊ पहिल्यापासून असाच, आज्ञाधारक आणि लबाड.

मीही मग त्याच्याशी बोलले नाही. शपथ मोडल्याचं पाप त्याच्या माथी कशाला? मी त्याच्या खबरीखाली 'व्यवस्थापक' म्हणून 'खबर मिळाली' एवढंच लिहायचे. आणि 'व्यवस्थापकांच्या सूचना' या पानावर माझं सांगायचे: पुण्यात थंडी पडली आहे. नवीन घरी राहायला आलो, चौथा मजला, पाणी दोन वेळा येतं. व्यवस्थापकांना कावीळ झाली होती, आता बऱ्या आहेत. सरांनी मला समजावून सांगितलं, की बाई, याला सूचना म्हणत नाहीत. मी हो हो म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं.

त्या वर्षीच्या काळी अमासेला, म्हणजे दिवाळीच्या अवसेला, मी जरा जास्तच केलं. आमच्या तांड्यावर त्या दिवशी पोरी दिवा घेऊन घरोघर जातात आणि एकेकाला मेरा करतात, म्हणजे दिव्यानं ओवाळून त्याचं भलं मागतात. हे लग्न न झालेल्या पोरींचं काम. माझा त्यावर हक्क उरला नव्हता. तरी मी साइटच्या आतल्या सगळ्या पानांच्या माथ्यावर दिव्याचं एक चित्र लावलं आणि खाली लिहिलं, 'भिया, तोन मेरा.' भाऊ, तुला मेरा. जिल्ह्याला वाटलं, शुभेच्छाच आहेत. पुढच्या बाजाराच्या दिवशी धुऱ्यानं गायीचं, तुरीचं, गुडघ्याचं सगळं लिहिलं आणि शेवटी दोनच शब्द लिहिले. दिवा दिसला.

एवढ्यावर मी जगत होते, हे आज सांगायला लाज वाटत नाही. आठवड्याची वाट पाहायला मला तेव्हाच शिकायला मिळालं.

मग एका रविवारी साइटवर एक घाण माणूस आला. कर्जापायी ज्यांच्या घरची माणसं गेली होती त्यांच्या खबरीखाली तो लिहायचा. काय लिहायचा ते मी इथे लिहिणार नाही. मदतीच्या पॅकेजाशी त्या मरणाची सांगड घालून हसायचा, एवढं पुरे. एका विधवा बाईनं त्याला हात जोडून थांबायला सांगितलं, तर तिच्यावरही घसरला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझं पान उघडलं, त्याचं नाव घातलं, कारणाच्या रकान्यात 'माणुसकी नाही' लिहिलं आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत तो दुसऱ्या नावानं हजर. पुन्हा काढला. तिसऱ्या नावानं आला.

तेव्हा मी नाव सोडून पत्त्याच्या मागे लागले. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला एक क्रमांक असतो, तो कुठून आला ते त्यावरून कळतं. हा आर्णीहून येत होता. त्या क्रमांकाचा शेवटचा भाग बदलता राहायचा, म्हणून मी शेवटच्या आकड्याच्या जागी एक तारा टाकला. त्या ताऱ्याचा अर्थ, या ओळीतले सगळे. जो कुणी तिथून नाव-पासवर्ड टाकेल त्याला आत न घेता एक वाक्य दाखवायचं आणि दार लावून घ्यायचं. वाक्य मी तिथल्या तिथे लिहिलं. 'इथे तुम्हाला जागा नाही.' ते कुठून सुचलं याचा विचार केला नाही, बोटांनी आपोआप लिहिलं. मुदतीचा रकाना रिकामा सोडला.

सरांना मी रागातच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंत, पण माणूस काढताना मुदत लिहावी, आणि त्याला काही म्हणायचं असेल तर एक रिकामी जागा ठेवावी. मी त्यांना म्हटलं, सर, ही शाळा नाही. बकरी चोरणाऱ्यालाही बोलू देणाऱ्या तांड्यावरची मी, आणि मला हे एका पुसदच्या मास्तरांनी सांगावं लागलं.

साइट शांत झाली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढच्या बाजाराला धुरा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पेरण्या चालू असतील म्हटलं. पेरण्या सरल्या, निंदण झालं, पोळा झाला. बापूंना कळलं असेल का? की त्यालाच कंटाळा आला? दिवाळीला मी पुन्हा दिवा लावला. कुणी 'दिसला' म्हणालं नाही. तेव्हा मला दुःखापेक्षा संताप आला. मी मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलले. ठीक आहे, नाही तर नाही, तुम्हीच मला काढलंत, आता मीही येत नाही, असं ठरवून बसले. आणि तरी दर बाजाराच्या दिवशी दुपारी 'गावची खबर' उघडून पाहायचेच. ते काही सुटलं नाही.

अशी वर्षं गेली. लोकांच्या हातात फोन आले, सगळा जिल्हा मोठ्या साइटवर गेला आणि आमच्या साइटवर सर आणि मीच उरलो. सर थकले तेव्हा मी साइट बंद करायचं ठरवलं. बंद करण्याआधी एकदा सगळं उलगडून बघावं म्हणून जुन्या फाइली काढल्या. त्यात एक फाइल होती जी मी कधीच उघडली नव्हती. ज्यांना आत घेतलं नाही त्यांची नोंद तिच्यात आपोआप होत होती: टाकलेलं नाव, दिवस, वेळ. दार लावून घेतलं की बाहेर कोण उभं आहे ते मी कशाला बघेन?

सुरुवातीला तो घाण माणूस होता. दोन दिवसांत त्यानं नाद सोडला होता. त्याच्याखाली आर्णीच्या कॉलेजातली पोरं होती, शाळेतले एक शिक्षक होते, त्या विधवा बाईही होत्या. आणि त्यांच्याही खाली, बाजाराच्या दिवशी दुपारी, धुरा. पुढच्या बाजाराला धुरा. पुन्हा धुरा. बाकीची नावं एकेक करून गळाली. तो गळाला नाही. पोळ्याच्या आठवड्यात, वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या अवसेला, दुसऱ्या उन्हाळ्यात, त्याच्याही पुढे कितीतरी पानं एकच नाव चाललं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आर्णीत तेव्हा घरोघरी कनेक्शन नव्हतं. एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मागच्या अर्ध्या भागात पाच-सहा कॉम्प्युटर होते, आणि इंटरनेटला जाणारा प्रत्येक माणूस तिथेच बसायचा. मी स्वतः माऊस धरायला तिथे शिकले. पुण्यात राहून ते विसरले. घाण माणसाला काढायला गेले आणि एका ताऱ्यानं अख्खी आर्णी बाहेर काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्याची मी वाट पाहत होते तो माझ्याच दारात उभा होता, आणि दारावर मीच लिहून ठेवलं होतं की जागा नाही.

तो तारा मी पुसला. त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आर्णीची गाडी धरली.

तांड्यावर जायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी त्या दुकानात गेले. कॉम्प्युटर जाऊन तिथे मोबाइलची कव्हरं टांगली होती, पण पुढच्या अर्ध्या भागात मोटारी तशाच उघड्या पडलेल्या. दुकानदार चाचांनी मला ओळखलं. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी चाचरत त्या वर्षांबद्दल विचारलं. तुमची साइट एका दिवशी उघडायची बंदच झाली, असं ते म्हणाले. पोरांना वाटलं बिघडली, शिव्या घालून सोडून दिली.

"तुमचा भाऊ तं तरी दर बाजाराले यायचा," चाचा म्हणाले. "अम्मालेबी संग आणाचा. ह्याच खुर्चीवर बसवाचा. अन् पडद्यावरचं वाचून दाखवाचा तिले, घंटाभर. मले आजवर समजलं नाही, साइट उघडत नोहती, तं तो वाचत काय होता?"

मलाही समजलं नाही. चाचांनीच फोन लावला. अर्ध्या तासात भिया मोटारसायकलवर आला. केस पांढरे झालेले, बाकी तसाच. तो उतरला, मला पाहिलं, गाडीचा स्टँड लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग म्हणाला, "बाई." आमच्यात बहिणीला बाई म्हणतात. त्या एका शब्दानं शपथ मोडली. त्यापुढचं सगळं तो गोरबोलीत बोलला. इथे मराठीत लिहिते आहे.

मी त्याला ताऱ्याचं सांगितलं, घाण माणसाचं सांगितलं. तो ऐकत राहिला. मी विचारलं, तुला काय वाटलं होतं?

"बाकीच्यांना वाटलं साइट बिघडली," तो म्हणाला. "मला माहीत होतं, बिघडली नाही. ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असणार? मी दारात म्हणालो तेच तू मला म्हणालीस. मी म्हटलं, बरोबर आहे."

मग दर आठवड्याला कशाला येत होतास, असं मी विचारलं. त्यानं खाली बघत सांगितलं. माझ्या सूचना तो याडीला वाचून दाखवायचा, थंडी, पाणी, कावीळ सगळं. बापूंना ती सांगायची, गुडघ्याला लावायचं तेल आणायला बाजाराला जाते. ज्या दिवशी पडद्यावर ते वाक्य आलं त्या दिवशीही ती शेजारी बसली होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिहिलंय?

"मी काय सांगायला पाहिजे होतं?" तो म्हणाला. "सांगितलं, बरी आहे म्हणते."

पुढच्या बाजाराला ती पुन्हा तयार होऊन बसली. तो दर वेळी नाव टाकायचा, पासवर्ड टाकायचा, आज तरी दार उघडतंय का बघायचा. उघडलं नाही की त्याच वाक्याकडे बघत तिला माझी खबर वाचून दाखवायचा. दुकानातले कॉम्प्युटर गेले, मग दार उघडायचा नाद सोडून नुसता मोबाइल हातात धरून घरीच वाचू लागला. इतकी वर्षं. पुण्यातलं माझं आयुष्य माझ्या भावानं आर्णीत बसून रचलं होतं.

मी त्याच्यामागे गाडीवर बसून तांड्यावर गेले. बापू अंगणात बाजेवर होते, नजर गेलेली. कोण आलं ते भियानं सांगितलं. त्यांनी बाजेखालचा पाण्याचा तांब्या चाचपून माझ्या दिशेनं सरकवला. मी पाणी प्यायले.

याडी माझ्या गळ्यात पडून रडली, आमच्या बायका रडतात तशी, लांब सुरात. रडून झाल्यावर तिनं माझं तोंड पुसलं आणि तिला माझं सगळं ठाऊक असल्यासारखी बोलायला लागली. ठाऊकच होतं तिला. ऑफिसातल्या त्या खडूस बाईची बदली झाली ते बरं झालं, म्हणाली. तू भाकरी थापायला विसरली नाहीस ते ऐकून बरं वाटलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भिया दारात, पूर्वी आडवा उभा राहिला होता तिथेच, पाठमोरा उभा होता.

"आणि तुझ्या दारापुढचं कडुलिंबाचं झाड?" याडीनं विचारलं. "लावलंस तेव्हा गुडघ्याएवढं होतं म्हणाली होतीस. आता केवढं झालं?"

माझं दार अजूनही चौथ्या मजल्यावर आहे, त्याच्यापुढे जिना आहे. खाली अंगणाच्या घरात मला भियानंच आणलं असणार. पण तो जे वाचायचा ते ऐकतच ती इतकी वर्षं बसली होती.

"मोठं झालं, याडी," मी म्हटलं. "आता खाटेवर सावली येते."

तेव्हा भियानं वळून माझ्याकडे पाहिलं.